गुरुवारच्या सह्या

मानिसालेस, २ सप्टेंबर

आणि वर त्या कुरिअरवाल्याला सांगतेस, "ह्या बाईला मी ओळखत नाही, परत न्या"! चार किलोचं खोकं होतं, येसेनिया. मामाच्या मळ्यातली कॉफी, तुझा करडा स्वेटर आणि ते आकडेशास्त्राचं विटेएवढं पुस्तक. जसं गेलं तसं परत आलं. कुरिअरवाल्याने ते जिन्यात ठेवलं आणि दोन्या एल्वियाच्या दुकानासमोर उभा राहून ओरडला, "घेणाऱ्या बाई म्हणतात ओळखत नाही!" एल्वियाला कळलं म्हणजे अख्ख्या गल्लीला कळलं. पाव आणायला गेले तर तिने पाव देण्याआधी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला कुणी खांद्यावर हात ठेवलेला चालत नाही, तुला ठाऊक आहे.

पावणेदोन वर्षं झाली तुला बुकारामांगाला जाऊन. फोनवर तू मला बंद करून टाकलंस. आजीच्या वर्षाच्या प्रार्थनेला आली नाहीस. हे पत्र मी तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय. तिथे चारचौघांत "ओळखत नाही" म्हणून दाखव.

ओळखत नाहीस? मग मी आठवण करून देते. तुझी प्रवेशाची मुलाखत होती, आमच्या कॉलेजात, पाचव्या मजल्यावर. मी एकोणीस वर्षं त्या मजल्यावर काळ्या कॉफीचे, टिंटोचे कप वाटते, कुणाला साखर नको आणि कुणाला दोन चमचे ते मला झोपेत सांगता येईल. आत तिघे बसले होते. कोर्सचे प्रमुख डॉक्टर ओसोरिओ आणि दोन प्राध्यापक. आमच्याकडे टाय लावला की डॉक्टर, तेव्हा तिघेही डॉक्टर. मी ट्रे घेऊन आत गेले तेव्हा ओसोरिओ तुला विचारत होते, "इथे बँकांचे मॅनेजर येतात, कारखान्यांचे मालक येतात. तुम्ही चपलांच्या दुकानाचं गोदाम सांभाळता. तुम्हाला एमबीए कशाला हवं?"

तू म्हणालीस, "दरवर्षी शंभर जोड गोदामात पडून राहतात आणि का ते मालकाला कळत नाही, डॉक्टर. मला ते कळून घ्यायचंय."

मग तू उठलीस. माझ्या हातातला ट्रे घेतलास. कप तू वाटलेस. आणि म्हणालीस, "ही माझी आई."

मी म्हटलं, "बस खाली, सांडशील." पण पॅन्ट्रीत जाऊन नळ सोडून रडले. तोंडाने सांगितलं नव्हतं, आता लिहून सांगते.

त्या तोंडाने तू आता "ओळखत नाही" म्हणतेस.

हे लिहायला मला तीन दिवस लागलेत. शब्द चुकले असतील तर वरून हसू नकोस.

रोसमिरा, तुझी आई. ओळखत असलीस तर.


२१ सप्टेंबर, रविवार

पहिलं पत्र परत आलं नाही. म्हणजे तू घेतलंस. उत्तर नाही ते नाही. मी थांबणारी नाही, मला बोलायचंय.

तू जाताना बस अड्ड्यावर एवढंच म्हणालीस, "आई, तू त्या बाईंना हो का म्हणालीस?" आणि मी तुझ्यावरच खेकसले, की बस सुटेल, बॅग आत टाक. त्याचं उत्तर द्यायला बसले आहे. पण ते गुरुवारपासून सुरू होतं, त्याच्या आधी सांगता येणार नाही.

दुसऱ्या सत्रात तुला आकडेशास्त्र येईना. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दिवसभर वर्ग, बाकीचे पटापट लॅपटॉप बडवतात आणि तू वहीत मागचं पान शोधतेस. मी काचेतून बघायचे. मग तुला ते माहितीपत्रक सापडलं, छान गुळगुळीत कागदावरचं. मागे पडणाऱ्यांसाठी मदत कक्ष, दर गुरुवारी पाच वाजता, खोली पाचशे चार, मार्गदर्शक प्राध्यापक हजर. त्याच पत्रकावर तुझा फोटो होता, हसरा. टिंटोवाल्या बाईची मुलगी आमच्याकडे शिकते, असं खाली लिहिलेलं. तो फोटो दाखवून त्यांनी किती जणांना आत घेतलं ते त्यांनाच ठाऊक.

तू दुकानातून सुट्टी मागून गुरुवारी यायचीस. पाचशे चारमध्ये एकटी बसायचीस. मी टिंटो आणून द्यायचे आणि म्हणायचे, "येतील, येतील. डॉक्टर लोकांना उशीर होतो."

मला ठाऊक होतं येणार नाहीत म्हणून. गुरुवारी पाच वाजता त्या मार्गदर्शक प्राध्यापकांचा पेरेइराला दुसऱ्या कॉलेजात तास असायचा. चार वाजता ते माझ्याच हातचा टिंटो पिऊन, माझ्यासमोर गाडीची किल्ली फिरवत लिफ्टने खाली जायचे. मी तुला सांगितलं नाही. का सांगितलं नाही? कारण सांगितलं असतं तर तू लगेच खाली जाऊन तक्रार केली असतीस. मला पाचव्या मजल्यावर भांडण नको होतं. इतकी वर्षं मी तिथे कुणाच्या डोळ्यांवर आले नव्हते.

पाच गुरुवार बसलीस तू. पाचव्या वेळी तुझ्यासोबतच्या त्या विल्मारने कोर्स सोडला, तो टॅक्सी कंपनीवाला, मोठ्याने हसणारा. त्यानेही दोनदा येऊन पाहिलं होतं. तेव्हा तू वही मिटलीस आणि मला म्हणालीस, "आई, ह्या खोलीत कुणीच येत नाही ना?"

मी म्हटलं, "साखर कमी झाली का?"

आज एवढंच. हात दुखतो.

आई


१३ ऑक्टोबर, सुट्टी

एल्विया धावत जिना चढून आली. गुडघे धरून चढते ती, म्हणून मला वाटलं कुणी मेलं. म्हणाली, "तुझ्या पोरीचा माझ्या दुकानात फोन! म्हणाली, आईला सांगा ऑफिसात पत्रं पाठवू नको, घरी पाठव." आणि पत्ता दिलास. एल्वियाने तो अंड्यांच्या कागदावर लिहून घेतला.

"आईला" म्हणालीस ना? मी एल्वियाला तीनदा विचारलं. ती वैतागून म्हणाली, "आई म्हणाली, आई म्हणाली, आता मला पाणी दे!"

बरं. तर तपासनीस आले त्या आठवड्याचं.

तुला ध्येयवाक्याची ती कार्डं आठवतात? मानांकनाची तपासणी जवळ आली की प्रत्येकाच्या गळ्यात एकेक. मला, झाडूवाल्यांना, फाटकावरच्या रखवालदारालासुद्धा. तपासनीस कॉरिडॉरमध्ये कुणालाही पकडून विचारतात, संस्थेचं ध्येय काय? आणि टिंटोवाल्या बाईलाही ते पाठ असलं की त्यांना वाटतं इथे सगळं ठीक चाललंय. सेक्रेटरी मार्लेनी रोज सकाळी आमची उजळणी घ्यायची. "रोसमिरा, सामाजिक बांधिलकी राहिली! परत म्हण!" मी चौथीत शाळा सोडलेली बाई. ते वाक्य सात ओळींचं. मी भांडी घासताना म्हणायचे, बसमध्ये म्हणायचे. तू घरी टिंगल करायचीस, "आई, मीठ दे, आणि सर्वांगीण विकासही दे."

गुरुवारी दुपारी तपासनिसांनी विद्यार्थ्यांना बोलावलं. कोण बोलणार ते ओसोरिओंनीच निवडलं होतं आणि तुला निवडलं होतं, फोटोवाली म्हणून. त्यांना वाटलं हसशील. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, मदत कक्ष कागदावर आहे, खोलीत नाही, मी पाच गुरुवार एकटी बसले आहे.

मी ट्रे घेऊन दारात होते. ओसोरिओंचा चेहरा मी पाहिला.

त्यांनी फाइल मागवली. हजेरीचे कागद होते, सोळा गुरुवारचे, सगळ्यांच्या सह्या. तुझीसुद्धा. त्या बारांकियाहून आलेल्या तपासनीस बाईंनी कागद तुझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "ही सही तुमची ना?"

मग त्या उठून बाहेर आल्या आणि मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. चांगली बाई होती, माझ्या खांद्याला हात न लावता बोलली. "सेन्योरा, गुरुवारी पाचशे चारमध्ये तुम्हीच टिंटो नेता ना? तिथे वर्ग होतो का?"

माझ्या तोंडातून काय निघावं? ध्येयवाक्य. सातच्या सात ओळी, एका दमात, बांधिलकीसकट. मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाई हळू म्हणाल्या, "छान. पण वर्ग होतो का?"

"हो."

हे तू ऐकलंस. म्हणून तू गेलीस, असं मी सगळ्यांना सांगते. संस्थेची बदनामी केल्याबद्दल त्यांनी तुला लेखी माफी मागायला सांगितली, तू मागितली नाहीस, दोन सत्रं निलंबित झालीस आणि रविवारी सकाळी बॅग भरलीस. सगळं माझ्या त्या एका "हो"मुळे, असं मी सांगते. एल्वियाला, मामाला, पाद्रीबाबांना.

ह्यात सगळं आलं नाही. पण आज नाही.

पुढच्या महिन्यात तपासनीस परत येतायत. तेव्हा मानांकन दोनच वर्षांचं दिलं होतं, पुन्हा बघू म्हणून. गळ्यात पुन्हा कार्ड.

आई


३ नोव्हेंबर

शुक्रवारी मार्लेनीने माझ्या ट्रेवर, कपांच्या बाजूला, कागदांचा गठ्ठा ठेवला. "रोसमिरा, टिंटो देतादेता सह्या घेऊन ये बाई. गरम कप हातात घेतलेला माणूस नाही म्हणत नाही." हेच वाक्य, मागच्या वेळचं. तीच खोली, तोच गुरुवार, चौदा आठवडे एका दिवसात.

मी गेले. हो, गेले. काय बघतेस? नऊ जणांनी सह्या केल्यासुद्धा. दहावी एक चिंचिनाहून येणारी नर्स, पहिल्या सत्रातली, रात्रपाळी करून येते आणि वर्गात पेंगते. तिने पेन हातात घेतलं आणि विचारलं, "दोन्या, ही कशाची सही?"

साधा प्रश्न. तोंड उघडलं तर ध्येयवाक्य येईल अशी भीती वाटली. मी तिच्या हातून कागद ओढून घेतला आणि म्हटलं, "टिंटो पी. थंड होईल."

मग पॅन्ट्रीत गेले, दार लावलं. त्याच पॅन्ट्रीत, येसेनिया. आता ऐक, मध्ये बोलू नकोस.

मागच्या वेळी तू सही करायला नकार दिलास. जिन्यात उभी राहून म्हणालीस, "मी बसले होते, आई. ते आले नव्हते. मग कशावर सही करू?" मी कागद परत नेले तर मार्लेनी चुकचुकत म्हणाली, "अगं, एकटी तुझ्याच मुलीची राहिली! डॉक्टर म्हणतील, रोसमिराच्या घरात वाढलेली पोरगी, बघा." मला लाज वाटली. खोटं सांगायची नव्हे, माझ्या पोरीमुळे फाइल अपुरी राहिली ह्याची लाज. पॅन्ट्रीत ओट्यावर कप बाजूला सारले आणि तुझी सही केली. सोळा वेळा. मार्लेनीने केली असं तुला वाटत असेल तर ते विसर. मी केली.

तुझी सही मला नीट येते. तू शाळेत होतीस तेव्हा माझ्या नावाची सही तूच करायचीस, प्रगतिपुस्तकावर, माझा हात वळत नव्हता म्हणून. मग म्हटलं मी एकदा तुझी केली तर काय बिघडलं? दोन वर्षं होत आली, मी स्वतःला हेच सांगतेय. आता कागदावर लिहून वाचते तर किती घाण दिसतं.

आणि अजून एक. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या बाईंनी कागद तुझ्यासमोर ठेवला, तेव्हा मी दारात होते. तू वाकून बघितलंस. म्हणालीस, "नाही, ही सही माझी..." आणि थांबलीस. तुझ्या नावातल्या वाय अक्षराचं शेपूट माझ्याकडून खाली ओढताना नेहमी जरा जास्त लांबतं. तू मान वर केलीस आणि सरळ दाराकडे बघितलंस. माझ्याकडे. ट्रेकडे. मग खाली बसलीस आणि म्हणालीस, "मला आणखी काही सांगायचं नाही."

ओसोरिओ म्हणाले, "बघा, मुलीने स्वतः सही केली आहे आणि वर आरोप करते." तू गप्प. शिस्तीच्या समितीपुढे गप्प. मी कप ठेवले आणि गेले. त्या खोलीत तू ते वाक्य पुरं केलं असतंस तर तुझी डिग्री तुझ्या हातात होती आणि मी रस्त्यावर. तू ते केलं नाहीस. आणि मी बाहेर येऊन "हो" म्हणाले. तू मला वाचवलंस, आणि त्याच मिनिटाला मी तुला पुरतं बुडवलं.

म्हणून तू मला ओळखत नाहीस. मला कळतं. पहिल्या पत्रातला तो सगळा आरडाओरडा माफ कर. नको करूस माफ, पण मागे घेतला समज.

आई


९ नोव्हेंबर, रविवार

तू दोन्या एल्वियाकडे पुन्हा फोन केलास असं ती म्हणते. काही बोलली नाहीस म्हणे. "हॅलो, हॅलो, मग ठेवला." एल्विया म्हणते वाऱ्याने लाइन गेली असेल. वारा नव्हता. धुकं होतं.

तर आता कामाचं.

ते नऊ सह्यांचे कागद मी मार्लेनीला परत दिले. म्हटलं, "बाकीच्या तू घे. माझे हात ट्रेला लागतात." ती आधी हसली. मग म्हणाली, "काय गं, राणी झालीस का?" मग डॉक्टर ओसोरिओंनी बोलावलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला खुर्ची दिली. त्यांच्यासाठी टिंटो आणायला दुसऱ्या मजल्यावरची बाई आली होती, ती माझ्याकडे बघेना.

"दोन्या रोसमिरा," ते म्हणाले, "पेन्शनला किती राहिलं?"

"दोन वर्षं, डॉक्टर."

"छान. मग शांतपणे जाऊ द्या ना. तपासनीस येतील तेव्हा तुम्ही दोन दिवस सुट्टी घ्या. घरी आराम करा."

"मला आराम नको, डॉक्टर. मला पाचशे चारमध्ये मास्तर हवेत."

हे मी म्हणाले, येसेनिया. शप्पथ. मग मी उठले. ते म्हणाले, "तुमच्या मुलीचं काय झालं ते विसरलात वाटतं." मी म्हटलं, "तेच आठवतं, डॉक्टर." रागाने नाही म्हणाले. मला खरंच तेच आठवतं.

तिथून मी तिसऱ्या मजल्यावर प्रवेश विभागात गेले. तिथली मुलगी मला ओळखते, तिला अडीच चमचे साखर लागते. तिने नियम वाचून दाखवला, दोनदा, कारण मी दोनदा विचारलं. निलंबित झालेल्या विद्यार्थ्याला दोन वर्षांच्या आत पुन्हा प्रवेश मागता येतो. तुझी मुदत तीस नोव्हेंबर. झालेली दोन्ही सत्रं धरतात, राहिली दोन. पण अर्जासोबत एकतर माफीपत्र लागतं, नाहीतर ती शिक्षा चुकीची होती ह्याचा पुरावा. माफी तू मागणार नाहीस, मी मागायलाही सांगणार नाही. माफी मागायची तर ती मी. राहिला पुरावा. तो मी आहे.

बारांकियाच्या त्याच बाई परत येतायत, मार्लेनीच्या यादीत नाव वाचलं मी. गुरुवारी, वीस तारखेला. सुट्टी मी घेणार नाही, मला घरी कुणी बसवू शकत नाही. कॉरिडॉरमध्ये त्यांच्यासमोर उभी राहणार आणि सांगणार, मागच्या वेळी तुम्ही विचारलंत वर्ग होतो का, मी हो म्हटलं, ते खोटं होतं. आजही होत नाही. माझ्यासमोर एक कोरा कागद ठेवा, सोळा वेळा तीच सही करून दाखवते.

काढून टाकतील, ते मला ठाऊक आहे. कायदेशीर काय होईल ते ठाऊक नाही, विचारायला गेलेही नाही. तुझ्या मामाने मळ्यावर ये म्हटलंय. कॉफी वाटून झाली, आता तोडायची.

पण एक गोष्ट मी तुला विचारल्याशिवाय करणार नाही. एकदा तुला न विचारता तुझं नाव लिहिलं, पुरे झालं. मी फक्त माझी चूक सांगितली तर ती माझी एकटीची. तुझं नाव घेतलं, तर तू ती सही ओळखून गप्प बसलीस हेही बाहेर येणार. तुला त्या बाई बोलावतील, ओसोरिओ समोर बसतील, आणि आईला वाचवायला मी खोट्या सहीवर गप्प राहिले हे तुला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल. कदाचित तुझ्या नव्या ऑफिसातही कळेल. तुझं तिथे बरं चाललं असेल, तुला हे सगळं पुन्हा नको असेल. मला माहीत नाही तुला काय हवंय. मी कधी विचारलंच नाही, साखर किती एवढं सोडून.

तुझं नाव घेऊ की नको, एवढंच सांग. "घे" म्हणालीस तर अर्जाचा फॉर्म मी आणून ठेवलाय, कोराच आहे, सही तुझ्या हाताने करायला तुला इथे यावं लागेल. "नको" म्हणालीस तर नाव माझ्या तोंडून निघणार नाही, मारलं तरी. पण तोंड उघडून सांग. फोन करून गप्प राहशील तर त्याला मी उत्तर धरणार नाही.

मंगळवारी, अठरा तारखेला, दुपारी बारापर्यंत. एल्वियाच्या दुकानात मी दहापासून स्टूल टाकून बसलेली असेन, आणि पहिल्या घंटेला मीच उचलेन.

आई